स्वखुशीनं, नवऱ्याच्या भीतीविना

केटुरा क्रॉलच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नसत. कोणी विचारलं तर ती सांगायची, "दारात सापडली." ते खरं होतं. दार कोणी लावलं हे कोणी विचारत नसे, म्हणून ती सांगतही नसे. आम्ही क्वेकर पंथाचे ख्रिस्ती लोक खोटं बोलत नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देण्याची मात्र आम्हाला मुभा आहे, आणि आमच्यातल्या पुष्कळ जणींचे संसार त्या मुभेवरच तरले आहेत.

तिचा बाप मोझेस लाइटफूट आमचा शेजारी. मेरीलंडच्या उत्तर टोकाला, जिथून पेनसिल्व्हेनियाची हद्द चालत गाठता येते, तिथे त्याची उताराची जमीन होती आणि त्या जमिनीच्या पोटातून एक झरा निघायचा. झऱ्यावर मोझेसनं दगडी दूधघर बांधलं होतं. आत फरशीवरून पाणी वाहायचं, त्यात दुधाची पसरट भांडी ठेवलेली असायची, आणि ऐन जुलैतही आत पाऊल टाकलं की अंगावर काटा यायचा. केटुराचं लोणी त्या गारव्यात व्हायचं. त्यावर ती गव्हाच्या पेंढीचा ठसा उठवायची. बाजारात लोक पेंढी बघून लोणी घेत, चव बघत नसत. मोझेसला मुलगा नव्हता. बराच काळ वाट पाहून तो थकला आणि त्यानं सगळं मुलीच्या नावे करून डोळे मिटले.

मग केटुराचं लग्न झालं आणि कायद्याच्या दृष्टीनं ती संपली. गाई ओबेद क्रॉलच्या झाल्या. डेरा ओबेदचा, लोणी ओबेदचं, लोण्याचे पैसे ओबेदचे. तिच्या पायातले मोजे तिनंच विणलेले होते, तेही ओबेदचे. मुलगी झाली, टेसी, ती तर अर्थातच ओबेदची. इंग्लंडच्या राजाची मनमानी नको म्हणून इकडचे पुरुष आठ वर्षं लढले होते. जिंकून घरी आले, बूट काढले आणि जेवण मागितलं. नवऱ्याच्या मनमानीचा विषय गर्दीत राहून गेला असावा.

एवढ्या सगळ्यात एक फट मात्र शिल्लक होती. बापाकडून आलेली जमीन नवऱ्याला कसता येई, पण बायकोच्या तोंडून हो आल्याशिवाय विकता येत नसे. आणि ते हो नवऱ्यासमोर चालत नसे. न्यायाधीशानं बाईला एकटीला आत घ्यायचं, दार लावायचं आणि विचारायचं: ही सही तू स्वखुशीनं करतेस ना? नवऱ्याची धमकी, मारहाण, किंवा त्याची मर्जी जाईल ही भीती, यांपैकी काही नाही ना? तेवढ्या वेळापुरती बाई पुन्हा माणूस व्हायची. मग दार उघडायचं आणि ती नवऱ्याच्याच गाडीत बसून घरी जायची.

आमच्या भागात ही चौकशी आमच्याच पुढच्या खोलीत होई, कारण न्यायाधीश माझा भाऊ गिडियन. त्याच टेबलावर माणसांच्या विक्रीचेही कागद होत. आम्ही क्वेकरांनी आपले गुलाम मोकळे केले होते, बाकीच्यांनी नाही. विकल्या जाणाऱ्या माणसाला मात्र आत घेऊन भीती वाटते का असं विचारायची पद्धत नव्हती. उत्तर माहीत असावं.

आम्हा क्वेकरांना शस्त्र वर्ज्य; गिडियन लढाईत गेला म्हणून आमच्या प्रार्थनासभेनं त्याला समाजाबाहेर काढलं होतं, आणि लढाईत तो एका तोफेच्या फार जवळ उभा राहिला म्हणून त्याचे कान गेले होते. बहिऱ्या न्यायाधीशापुढची खासगी चौकशी रस्त्यापर्यंत ऐकू जाते. तो प्रश्न ओरडून विचारायचा आणि उत्तर ओरडून दिल्याशिवाय त्याला पोचायचं नाही. बाहेर ओसरीतल्या बाकावर नवरा बसलेला असायचा. परका पुरुष आणि परकी बाई बंद खोलीत बरी दिसत नाहीत म्हणून मी कोपऱ्यात विणकाम घेऊन बसत असे. माझ्यादेखत किती बायकांनी त्या खोलीत "छे, भीती कसली!" असं ठणठणीत ओरडून सांगितलं असेल. वेगळं उत्तर एकीनंही दिलं नाही. त्यामुळे गिडियनची ठाम समजूत झाली होती की आमच्याकडचे नवरे फार भले आहेत. वेळ वाचावा म्हणून तो बाईचं उत्तर खरेदीखतावर आधीच लिहून ठेवू लागला होता.

ओबेद क्रॉलला तर सगळेच भला म्हणायचे. दिसायला उमदा, बोलायला गोड. मुळात तो आमच्यातला नव्हता. केटुराशी लग्न करायचं म्हणून क्वेकर झाला. आमच्यात सगळ्यांना 'तू' म्हणतात, मग तो शेतमजूर असो की गव्हर्नर. ओबेदला ते आवडलं. पण ज्याच्याकडून काम काढायचं असेल त्याला तो चुकून 'साहेब' म्हणून जायचा. आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. घरी आला की तो टोपी खुंटीला लावायचा. क्वचित एखाद्या दिवशी ती टेबलावर ठेवायचा, अगदी हलक्या हातानं. टोपी टेबलावर दिसली की केटुरा टेसीला दूधघरात पाठवायची. "भांडी हलव जरा," म्हणायची. टेसी नऊ वर्षांची होती. भांडी हलवायची काहीच गरज नसते, हे तिला केव्हाच कळलं होतं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ओबेदच्या डोक्यात डोंगरापलीकडची जमीन शिरली. डोंगरापलीकडे पाहिजे तेवढी जमीन पडली आहे, काळी, लोण्यासारखी मऊ, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. तो स्वतः डोंगरापर्यंतही गेला नव्हता. पीठगिरणीचा मालक लिव्हाय ब्रिंटन याला झऱ्याच्या पाण्यावर दुसरी चक्की घालायची होती. दोघांनी हातावर हात मारले. आता फक्त केटुराचं हो राहिलं होतं, आणि ते राहिलं आहे असं दोघांपैकी कोणाला वाटत नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी केटुरा आमच्याकडे लोणी घेऊन आली. टोपलीवरचं ओलं फडकं तिनं काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

"बस की," मी म्हटलं.

"नको. गाडी पाहिली का गं कुठे? त्याची?"

"गिरणीकडे गेली सकाळी."

मग ती बसली, पण दाराकडे तोंड करून.

"डॉर्कस, तो मला काय विचारेल? गिडियन?"

"तुला माहीत आहे. सगळ्या जगाला माहीत आहे. त्याचा प्रश्न टेकडीपलीकडच्या गाईंनाही पाठ आहे."

ती हसली नाही. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर जमीन विकली जाणार नाही."

"आणि मी घरी जाईन."

मी लोणी कपाटात ठेवलं.

"काल रात्री जेवताना त्यानं टेसीच्या डोक्यावर हात ठेवला," ती म्हणाली. "म्हणाला, टेसी माझ्याबरोबर येणारच, केटुरा. ती माझी आहे. तू ये, नाहीतर राहा, तुझी मर्जी. किती प्रेमानं म्हणाला! टेसी हललीसुद्धा नाही. घास तसाच तोंडात."

"मग तू हो म्हणणार."

"हो म्हणणार." तिनं टोपलीची कडी धरली. "पण तिकडे शेजार नाही, डॉर्कस. इथे खिडकीतून तुझ्या धुराड्याचा धूर दिसतो. मी रोज सकाळी उठले की आधी तो बघते. इथे मी ओरडले तर तुला ऐकू येईल."

"तू कधी ओरडली नाहीस."

"नाही. पण ऐकू येईल, हे त्यालाही माहीत आहे."

तिच्या बोटांकडे बघत मी एवढंच म्हटलं, "आत मी असेन." हे काही फार मोठं आश्वासन नव्हतं. कोपऱ्यात मोजे विणणारी बाई, एवढाच माझा अधिकार होता.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर गर्दी होती. ओबेद, ब्रिंटन, आणि एका डुकराच्या मालकीवरून भांडणारे दोन भाऊ, डुकरासकट. ओबेदनं केटुराला गाडीतून हात देऊन उतरवलं. तिचं टोपडं नीट केलं. तिच्या कानाशी काहीतरी बोलला आणि हसला. तिनं मान हलवली. टेसी गाडीतच बसून राहिली, दोन्ही हात मांडीखाली घालून.

"साहेब," ओबेद गिडियनला म्हणाला, "फार वेळ नाही ना लागणार? हवा बघा, आभाळ येतंय."

"काय?"

"आभाळ!"

"हां, हां. चल, केटुरा."

दार लागलं. खिडकी उघडी होती. बंद करायला मी उठले तर गिडियन म्हणाला, "राहू दे, घुसमटायला होतं." बाहेर ओबेदच्या टोपीचा काठ खिडकीच्या कोपऱ्यात दिसत होता. तो बाकावर बसलाच नव्हता. भिंतीला टेकून उभा होता. केटुराला तो काठ दिसला. तिनं खुर्ची बदलली, तिथूनही दिसला.

गिडियननं खरेदीखत मोठ्यानं वाचलं. झरा, दूधघर, ओकच्या झाडापासून ओढ्याच्या उतारापर्यंतची हद्द. मोझेसनं लावलेल्या सफरचंदाच्या झाडांचाही उल्लेख होता. वाचून झाल्यावर त्यानं कागद तिच्यापुढे फिरवला. खाली त्याच्याच हातचं लिहिलेलं होतं: बाईनं स्वखुशीनं, नवऱ्याची धमकी, मारहाण वा भीती नसताना संमती दिली. शाई वाळलीसुद्धा होती.

"समजलं सगळं?"

"समजलं."

"काय?"

"समजलं!"

"सही करणार?"

"हो. सही करायला आलेय मी."

"छान. धमकी वगैरे काही?"

बाहेर डुक्कर ओरडलं, कोणीतरी त्याला दटावलं.

"धमकी, केटुरा?"

"त्यानं मला जे सांगितलं ते कायद्यानं खरं आहे. त्याला धमकी म्हणायचं का, मला ठाऊक नाही."

गिडियनला यातलं फारसं ऐकू आलं नाही. खरं आहे एवढंच ऐकून त्यानं मान डोलावली. "मारहाण?"

"आज नाही."

हे त्याला ऐकू आलं. त्यानं चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सुया थांबवल्या होत्या.

"बरं," तो जरा हळू म्हणाला, म्हणजे फक्त ओसरीपर्यंत जाईल इतका हळू. "आणि भीती नाही. एवढं म्हण आणि सही कर."

तिनं लेखणी उचलली. शाईत बुडवली. उजवा हात तिनं डाव्या हातानं धरला, त्या न मिटणाऱ्या बोटांनी जमेल तसा. कागदावर एक थेंब पडला. मला वाटलं, झालं. खिडकीतला टोपीचा काठ जवळ सरकला.

तिनं लेखणी खाली ठेवली.

"गिडियन, तू लिहिलंयस ते खरं नाही."

"काय?"

"हे खरं नाही, लिहिलेलं!"

"अगं, ते नेहमीचं आहे. सगळ्यांचं तेच लिहितो. सही करायची नाही का तुला?"

"करते की! सही करते. पण भीती नाही असं मला म्हणता येत नाही. भीती वाटते."

"मोठ्यानं बोल!"

"भीती वाटते!"

"कशाची? जंगलाची? अस्वलांची? अगं, तिकडे आता रस्ता झालाय."

ती खुर्चीच्या कडेला आली होती, उठून पळणाऱ्या माणसासारखी. पण सभेत बसून लहानपणापासून जे अंगात मुरलं होतं त्यानं तिला तिथे धरून ठेवलं. तिला नवऱ्याला नाही म्हणायची हिंमत नव्हती. ती आयुष्यात त्याला नाही म्हणाली नव्हती, आणि त्या दिवशीही म्हणाली नाही. तिला फक्त खोटं बोलता येईना.

"नवऱ्याची," ती म्हणाली.

"कोणाची?"

"नवऱ्याची! ओबेदची! ओबेदची भीती वाटते!"

मी आयुष्यात क्वेकर बाईला एवढ्या मोठ्यानं ओरडताना ऐकलं नव्हतं. डुकरासकट सगळी ओसरी गप्प झाली. आकाशात खरंच ढग आले होते, त्यामुळे खोली अंधारली. टोपीचा काठ खिडकीतून नाहीसा झाला आणि त्याच क्षणी दार उघडलं.

ओबेद हसत होता. "साहेब, बायकांचं काय मनावर घेता? प्रवासाची धास्ती घेतलीय तिनं. सही करते म्हणाली की नाही? मी ऐकलं."

"ते तुला ऐकू यायला नको होतं," गिडियन म्हणाला. "पण म्हणाली खरी."

"मग झालं!"

"काय?"

"झालं म्हणतो मी!"

गिडियननं चष्मा पुसला. माझा भाऊ काही शूर माणूस नव्हे. तोफेजवळसुद्धा तो चुकून उभा राहिला होता. पण कागदाच्या बाबतीत तो हट्टी होता. चुकीच्या कागदाखाली आपलं नाव जाणं हे त्याला दुसऱ्या कुठल्याही पापापेक्षा वाईट वाटायचं. "झालं नाही, ओबेद," तो म्हणाला. "ती हो म्हणाली आणि भीतीपोटी म्हणाली. दोन्ही तिच्याच तोंडचं आहे. एक लिहून दुसरं गाळता येत नाही." त्यानं खत ओढून घेतलं आणि आपण आधीच लिहिलेल्या ओळींवर रेघ मारली. अगदी सावकाश, पट्टी लावून.

"ती खोटं बोलतेय," ओबेद म्हणाला. अजून हसतच.

केटुरानं मान वर केली नाही. टेबलाकडे बघत ती म्हणाली, "मी खोटं बोलले का कधी, ओबेद? तुला एक तरी आठवतं का?"

दारात ब्रिंटन उभा होता. त्यामागे डुकरावाले दोन भाऊ, आपलं भांडण विसरून. ओबेदनं एकेकाकडे पाहिलं. मग टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. अगदी हलक्या हातानं.

केटुराच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. टोपीचा अर्थ तोवर फक्त तिला आणि टेसीला माहीत होता. तिसरी मी, कारण एकदा टेसीनं दूधघरात मला सांगितलं होतं. मी विणकाम पिशवीत भरलं, टोपडं घातलं आणि बाहेर जाऊन त्यांच्या गाडीत टेसीशेजारी बसले.

ओबेद आला, थांबला. "डॉर्कस, हे काय?"

"मी येतेय."

"कशाला?"

"यायला."

हे अगदी खरं उत्तर होतं. गाडीरस्त्याच्या वळशावर चाकं ओढ्यातल्या दगडांवरून गेली तेव्हा टेसीनं माझा अंगठा घट्ट धरला, आणि मला कळलं की मलाही भीती वाटतेय. मी त्या रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात बाकावर झोपले, म्हणजे जागी राहिले. वर जिन्यावर पाऊल वाजलं की मी खोकायचे. पाऊल थांबायचं.

सकाळी म्हातारी मर्सी आली, आपला चरखा घेऊन. ती आमच्या बायकांच्या सभेतली सगळ्यांत जुनी. "ओरडल्याचं ऐकलं," ती म्हणाली. तिचं घर ओढ्यापलीकडे होतं. इतक्या लांब आवाज पोचला नसावा, पण बातमी पोचली होती. मर्सी गेली तेव्हा तिसरी आली. बायकांच्या सभेत असं काही ठरवलं गेलं नाही. ठरवलं असतं तर त्यावर बोलावं लागलं असतं. कधी एकटी, कधी तिघी-चौघी, काहीतरी हातकाम घेऊन यायच्या आणि बसायच्या. ओबेदला गप्पांची फार हौस. आम्ही मात्र बोलत नसू. सभेत तासन्‌तास गप्प बसायची आम्हाला सवय आहे, त्याला नव्हती. तो बाहेरून यायचा, टोपी हातात, आणि चार टोपड्यांखालचे चार चेहरे त्याच्याकडे बघायचे. खुंटी की टेबल, हे ठरवायला त्याला हल्ली वेळ लागायचा.

केटुराची भीती यानं कमी झाली असं नाही. ती आम्हाला मक्याची लापशी वाढायची आणि वाढता वाढता दाराकडे बघायची. "तुम्ही कधीतरी जाल," ती मला म्हणायची. आणि ते खरंच होतं. कोणाची गाय व्यायची, कोणाचं मूल आजारी पडायचं. हिवाळा तोंडावर आला तसं आमचं येणं विरळ झालं.

पहिलं दहिवर गोठून पांढरं पडलं त्या सकाळी चूल पेटवून मी दारात आले तर केटुरा शेतातून पळत येत होती. डोक्यावर काही नव्हतं, पायात काही नव्हतं. ती ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

"टेसी," शेवटी ती म्हणाली. "गाडी नाही. घोडे नाहीत. टेसी नाही."

गाडी त्याची होती, घोडे त्याचे होते, आणि मुलगीही त्याची होती. चोरी झाली म्हणून तक्रार करायला कायद्यात जागा नव्हती. गिडियनला मी ओरडून सांगितलं. तो तडक घोड्यावर बसला. आम्ही दोघी गाडीच्या चाकोरीमागे चालत सुटलो. दहिवरात चाकोरी काळी उमटली होती. ती उतारावरून ओढ्यात शिरली आणि पलीकडे डोंगराच्या वाटेला लागली. केटुरा पाण्यात शिरली तेव्हा मी तिला धरायला गेले, तर तिनं माझा हात झिडकारला. ओल्या घागऱ्यानं ती पुढे चालत राहिली. मधूनच थांबायची, वाकून चाकोरीला हात लावायची. गरम आहे का बघत असल्यासारखी.

गिरणीपाशी गिडियनचा घोडा उभा दिसला. केटुरा तिथेच थबकली. पुढे जाईना. "तू बघ," मला म्हणाली. "मला नाही बघवणार. तू बघ आणि खरं सांग."

टेसी आत पिठाच्या पोत्यांवर बसली होती. अंगावर ब्रिंटनच्या बायकोची शाल. हातात पावाचा तुकडा होता, खाल्लेला नव्हता.

ब्रिंटनला माझ्या नजरेला नजर देता येईना. "पहाटे आला," तो म्हणाला. "म्हणाला, हिला जरा बसू दे, मी घोड्याचा नाल बघून येतो. नालाला काही झालेलं नव्हतं, मी पाहिलं ना. आलाच नाही परत."

"काय बोलला तुझ्याशी वाटेत?" मी टेसीला विचारलं.

"काही नाही. मी विचारत होते, आई कधी येणार? आई कधी येणार? सारखी विचारत होते. मग तो म्हणाला, गप्प बस. मी नाही बसले."

त्यानं मुलगी मागे ठेवली ते मायेनं की कंटाळ्यानं, हे मी अजून ठरवलेलं नाही. केटुरानंही कधी ठरवलं नाही. मी दारातून बोलावलं तेव्हा तिनं आत येऊन टेसीला पोत्यांवरून उचललं, नऊ वर्षांची थोराड पोर, आणि घरापर्यंत खाली ठेवली नाही.

ओबेद परत आला नाही. मेल्याचीही खबर आली नाही, आणि खरी अडचण तीच होती. मेला असता तर केटुरा विधवा झाली असती आणि विधवेला कायदा ओळखतो. ती बायकोच राहिली. तिनं काढलेलं लोणी ओबेदचं होतं आणि तो कुठल्याही दिवशी येऊन ते मागू शकत होता. टेसीलाही. पुढे ब्रिंटननं पुन्हा झऱ्याची गोष्ट काढली तेव्हा गिडियननं त्याला समजावलं की एकट्या बायकोला विकता येत नाही, नवऱ्याची सही लागते. नवऱ्याला बायकोशिवाय विकता येत नव्हतं, बायकोला नवऱ्याशिवाय. "म्हणजे कोणालाच नाही?" ब्रिंटन म्हणाला. "काय?" गिडियन म्हणाला. केटुरा तिथेच होती. "मग बरं आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून गिडियननं कागदावर आधी लिहून ठेवणं सोडलं आणि खिडकी लावू लागला. बायका अजूनही छे, भीती कसली, असंच ओरडायच्या. पण तो लेखणी हातात घेऊन वाट बघायचा.

बाकी केटुराचं आयुष्य म्हणजे लोणी. ते चांगलं होतं, पेंढीचा ठसा बाल्टिमोरपर्यंत माहीत झाला. पण ओढ्याच्या दगडांवर चाक वाजलं की डेऱ्यातला दांडा थांबायचा. ती मान तिरकी करून ऐकायची. टेसी जिथे असेल तिथून उठून मागच्या दारापाशी जायची, आमच्या घराच्या बाजूला. फेरीवाल्याचं चाक, पिठाची गाडी, कोणाची वरात, काहीही असो. चाक पुढे गेलं की दांडा पुन्हा सुरू. वर्षं गेली, टेसी मोठी झाली, तरी दोघींचं हे चालूच होतं.

टेसीला मागणी आली ती हद्दीपलीकडच्या एका मुलाची, जोएल नाव. आमच्यातलाच, जरा अबोल. लग्नाची परवानगी मागायला सभेपुढे जाण्याआधी केटुरानं त्याला घरी बोलावलं. त्या दिवशी मी तिथे होते. आम्ही वाट बघत बसलो होतो आणि चाक काही वाजेना. मग पाहिलं तर जोएल शेतातून चालत येत होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"गाडी मोडली की काय?" मी विचारलं.

"नाही. ओढ्यापलीकडे झाडाला घोडा बांधलाय." तो बूट काढून पाणी ओतू लागला. "टेसी म्हणाली होती, चाकाचा आवाज इथे चालत नाही."

केटुरानं त्या ओल्या बुटांकडे पाहिलं. मग तिनं टेसीचा दंड धरला, तिला दूधघरात नेलं आणि आतून दार लावून घेतलं.

जोएल आणि मी बाहेर उभे राहिलो. मी अगदी दाराशी होते, आणि माझे कान तेव्हा शाबूत होते. आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता. काय विचारलं, काय उत्तर आलं, एक अक्षर ऐकू आलं नाही. जोएलनं टोपी काढून हातात धरली होती. ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

दार उघडलं. केटुरानं त्याच्या हातातून टोपी घेतली, घरात गेली आणि खुंटीला लावली.

"जेवून जा," ती म्हणाली.